आक्कांचं वाढलेलं वजन

शेवंताआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा रविवारची सकाळ होती आणि मी जांबे गावातल्या आमच्या घरात मेथी निवडत बसले होते. फोन त्यांच्या जावयाचा. “बाई, आई गेल्या. पहाटं.” आणि माझ्या तोंडून काय निघावं? “शेवटचं काय खाल्लं त्यांनी?” अहो, माणूस गेलंय, आणि मी जेवणाचा तक्ता भरायला बसल्यासारखी विचारतेय!  जावई बिचारा म्हणाला, “पेज. दोन चमचं. तीबी उलटून पडली.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर ती मेथीची जुडी मी पूर्ण निवडली, पानं वेगळी, देठं वेगळी... नवऱ्याने दोनदा विचारलं कुणाचा फोन, तर त्याच्यावरच खेकसले. रडू आलं ते दुपारी, भांडी घासताना, आणि आलं ते थांबेना. या गोष्टीला आता सात आठवडे होतील.

मी आहारतज्ज्ञ. पूर्वी हे सांगताना माझी मान ताठ व्हायची. आम्ही मूळचे परभणीचे. नवऱ्याला हिंजवडीत कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आलो, आणि पुण्यातल्या एका दवाखान्याने मुळशीच्या गावांमध्ये बायकांसाठी एक गट काढायचा ठरवला तेव्हा त्यांनी मला घेतलं. कॅन्सरचं ऑपरेशन झालं, सलाइनमधली औषधं झाली, किरणांचा शेक देऊन झाला, आणि मग बाईला घरी पाठवून दिलं की पुढे तिचं काय, हे विचारायला कुणी नसायचं. हात वर जात नाही, तोंडाला चव नाही, जिना चढला की धाप लागते. अशा बायकांना महिन्यातून दोन गुरुवारी उरवड्याला बोलवायचं, व्यायाम शिकवायचे, काय खायचं ते सांगायचं आणि वजन बघायचं. दूध डेअरीच्या वरची एक खोली आम्हाला मिळाली होती. खाली कॅनचा खणखणाट, वर आमचे हात वर, हात खाली. शेवंताआक्का तिथे पहिल्यांदा आल्या त्या दोन हजार सातच्या दिवाळीनंतर. छातीच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं, डोक्यावर नुकते उगवलेले मऊ केस पदराखाली झाकलेले, नऊवारी चापूनचोपून नेसलेली. गावात जमीन, कारखान्यातल्या पोरांना भाड्याने दिलेल्या सहा खोल्या, आणि त्या पोरांवर अशी जरब की आक्कांच्या दारातून शिट्टी वाजवत जायची कुणाची टाप नव्हती. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगी एकच, मंगल, पौडाच्या बाजूला दिलेली.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी खोड मोडली. मी पुण्याहून छापून आलेला आहाराचा कागद मोठ्या ऐटीत वाचत होते. त्यात ओट्स होते, सोयाबीनचं दूध होतं, कसलासा हिरवा कोबी होता. आक्कांनी ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “बाई, ह्ये समदं तुमी खाताय व्हय? मग तुमच्या अंगाला का न्हाई लागत?” सगळ्या बायका फिसकन हसल्या. माझा पारा चढला. मी म्हटलं, “आक्का, माझं वजन इथे कुणी विचारलेलं नाही.” “आमचं तरी कुनी कवा इचारलं व्हतं? तुमीच पयल्या,” त्या म्हणाल्या, आणि आमची गट्टी तिथेच जमली. मग तो कागद आम्ही दोघींनी मिळून दुरुस्त केला. ओट्सच्या जागी नाचणीचं सत्त्व, सोयाबीनच्या जागी हुलग्याचं कढण, सुकट, अंडं, शेंगदाण्याचा कूट. आक्का सांगायच्या, मी लिहायची. फक्त कागदावर लिहिलं म्हणून बाई खाते थोडीच? घरातल्यांची जेवणं झाल्यावर भांड्यात जे राहील ते हिच्या वाट्याला. त्यावर आक्कांनीच तोड काढली. अंडं उकडून घरूनच आणायचं आणि खोलीत सगळ्यांच्या देखत खायचं. न खाता परत नेलं तर आक्का जिना उतरू द्यायच्या नाहीत.

व्यायामाच्या त्या पक्क्या होत्या. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर चढत चढत हात वर न्यायचा, जिथे थांबेल तिथे खडूची रेघ. पहिल्या दिवशी त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या भिंतीलाच शिव्या द्यायच्या. चैत्रात एक दिवस आल्या त्या जिना चढतानाच ओरडत, “बाई, मंगलला दिस गेल्यात!” लग्नाला सात वर्षं झाली होती, सासरी बोलणी खाऊन पोरगी अर्धी झाली होती. त्या दिवसापासून आक्कांना एकच ध्यास. मंगलचं बाळंतपण स्वतःच्या हाताने करायचं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणं, सगळं स्वतः. “मला जास्ती नगं. तेवढं बाळंतपन निस्तरलं की माजं काय बी होऊं द्या,” असं त्या मला म्हणाल्या, आणि मी ठसक्यात म्हटलं, “होईल की! मी आहे ना.” काय बोलून बसले होते मी... पुढच्या गुरुवारी त्यांनी पिशवीतून चांगला हातभर दुधी भोपळा आणला, जमिनीवर पाय पसरून बसल्या, भोपळा आडवा पायावर घेतला आणि डाव्या हाताने त्याला तेल चोळायला लागल्या. हा त्यांचा व्यायाम. भोपळ्याला “ए, रडायचं न्हाई” म्हणून दम भरायच्या. आम्ही हसून हसून बेजार झालो होतो.

आता ओटीचं सांगते, कारण सगळं तिथून बिघडलं. या आजारात बाई वाळत गेली की घरचे मनातून तिचं आटोपल्यातच धरतात. त्यामुळे आमच्या खोलीत वजन वाढणं म्हणजे सणच. एकदा ताम्हिणीच्या हिराबाईचं वजन किलोभर वाढलं, तर बायकांनी आनंदाने तिथल्या तिथे तिची ओटी भरली. खालून कुणी नारळ आणला, कुणाच्या पिशवीत तांदूळ होते, खणाच्या जागी नवा रुमाल. मग तो पायंडाच पडला. ज्या महिन्यात जिचं वजन जास्त वाढेल तिची ओटी भरायची. मला ही कल्पना इतकी आवडली की दवाखान्याला पाठवायच्या अहवालात मी तिच्यावर पानभर लिहिलं. आषाढ लागायच्या आधीच्या गुरुवारी आक्का काट्यावर उभ्या राहिल्या आणि काटा दीड किलोने पुढे. मी आकडा मोठ्याने वाचला. पण कुणी हलेना. हिराबाई नारळ हातात घेऊन नुसती उभी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आक्का विधवा, त्यांची ओटी कशी भरायची? आक्काच म्हणाल्या, “दुसऱ्या लंबरच्या बाईची भरा. मला चालत न्हाई.” चेहरा असा केला होता की जणू त्यांना त्याचं काहीच नाही. मी भडकले. मला अशा गोष्टींचा राग लवकर येतो, आणि राग आला की मला मीच फार शहाणी वाटते. मी म्हटलं, “वजन कुणाचं वाढलंय? आक्कांचं ना? मग काट्याला नवरा आहे की नाही ते कळतं का? भरा ओटी.” हिराबाई चाचरत म्हणाली, “हळदकुकू ऱ्हाऊं द्या मंग, तांदूळ-नारळ घालू.” आक्का नको नको म्हणत होत्या, आणि म्हणता म्हणता त्यांनी दोन्ही हातांनी पदर पुढे धरला. नारळ पडला तसा त्यांचा हुंदका फुटला. आम्ही सगळ्याच रडलो. मला वाटलं, आज आपण फार मोठं काम केलं.

पुढच्या महिन्यात परत आक्काच. त्याच्या पुढच्या महिन्यातही आक्काच. लावणीच्या दिवसांत इथल्या बायका चिखलात वाकून वाकून निम्म्या होतात, एकीचं वजन जागेवर राहत नाही, आणि आक्का आपल्या महिन्याला दोन दोन किलोने भरत चाललेल्या. दवाखान्यातून मला शाबासकी आली. तक्त्यावर त्यांची रेघ अशी सरळ वर गेलेली की मी ती घरी नवऱ्यालासुद्धा दाखवली. मध्येच एकदा आक्का म्हणाल्या, “बाई, दोन घासात प्वाट गच्च हुतंय.” मी पुस्तकात असतं ते सांगितलं, थोडं थोडं खा, चार वेळा खा, जेवताना पाणी पिऊ नका. एकदा म्हणाल्या, “वाहाना आवळ्या व्हायला लागल्या, नव्या घ्याव्या लागतील.” तर मी काय म्हणावं? “आक्का, बाळाच्या आधी आजीनेच बाळसं धरलंय!” त्याही हसल्या. नऊवारीच्या निऱ्या पोटाशी खोचलेल्या, त्यामागे काय चाललंय ते दिसत नव्हतं, हे मी पुढे सगळ्यांना सांगत आले. आक्कांनी दुधी आणणं बंद केलं होतं. मी विचारलं नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमचे डॉक्टर गावभेटीला आले. चटईवर उताणं पडून पाय उचलायचा व्यायाम चालला होता आणि आक्कांना उताणं पडवेना, धाप लागली, तोंड काळंनिळं. डॉक्टर धावले. त्यांनी पोटावर बोटं आपटून बघितलं, मग पायाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तर तिथे खड्डा, आणि तो भरेचना. मी तोवर मोठ्या हौशीने तक्ता घेऊन पुढे झाले होते. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “हे वजन नाहीये. पाणी आहे.” आजार यकृतात गेला होता, पोटात पाणी भरत होतं, आणि आम्ही त्या पाण्याच्या तीन ओट्या भरल्या होत्या. खाली जाताना जिन्यात मी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, आधी कळलं असतं तर? त्यांनी आधी विषय टाळला, पण मी हट्टाला पेटले. शेवटी म्हणाले, “आजार काही बरा झाला नसता. पण जूनमध्ये औषध सुरू झालं असतं तर... नातवंड बघितलं असतं कदाचित.”  मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते खाली उतरून गाडीत जाऊन बसले.

दवाखान्यात पाणी काढलं, ते पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. दसऱ्यानंतर मी उरवड्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा आक्का कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या ओळखूच येत नव्हत्या. मंगल आठवा सरत आलेलं पोट घेऊन चुलीशी वावरत होती, आईचं करत होती. कुणी कुणाचं बाळंतपण करायचं आणि कोण कुणाचं काय करत होतं! मंगल पाणी आणायला बाहेर गेल्यावर मी विचारून टाकलं. “आक्का, तुम्हाला स्वतःला कळलं नव्हतं का? एवढं पोट फुगत होतं, अन्न जात नव्हतं...” त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाल्या, “कळलं व्हतं की. माजं प्वाट मला न्हाई कळायचं? आषाढातच समजलं, ह्ये काय तरी येगळंच हाय.” मी ओरडलेच, “मग बोललात का नाही? मंगलचं बाळंतपण करायचं होतं ना तुम्हाला?” “व्हय. करायचंच व्हतं. वाटलं, आज सांगू, फुडल्या गुरवारी सांगू.” थांबून थांबून बोलत होत्या. “पर धा वरसांनी माज्या पदरात कुनी काय घातलं व्हतं, बाई. लगनाबारशाला मी आपली मागच्या दारी हुबी ऱ्हायाची. हितं मला काट्यावर चढवून समद्याजनी वाट बगायच्या... ते सोडवंना. चुकलं माजं.” चुकलं माझं, असं त्या मला म्हणाल्या. मला!

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी त्या गेल्या. मी अंत्यविधीला गेले नाही, दहाव्यालाही गेले नाही. अंगात ताप आहे असं कळवलं, आणि ताप नव्हता. आक्का गेल्यावर बरोबर एकोणीस दिवसांनी मंगलला मुलगी झाली. एकोणीस दिवस... मी ते बोटांवर पुन्हा पुन्हा मोजते, जणू मोजून कमी होणार आहेत. आमचा गट तेव्हापासून चालू आहे म्हणायचं एवढंच. हिराबाई यायची थांबली, ताम्हिणीहून एवढ्या लांब कशाला यायचं म्हणते. ज्या येतात त्या काट्यावर चढायला घाबरतात. वजन कमी झालं तर आजार, वाढलं तर पाणी, मग चढायचं तरी कशाला, असं एकीने मला तोंडावर विचारलं.  ओट्या बंद झाल्या. कुणी बंद करा म्हणालं नाही.

गेल्या आठवड्यात धीर करून मंगलकडे जाऊन आले. बाळाला न्हाऊ घालायला गावातलीच एक बाई येत होती, तिचं आवरून ती निघाली होती. मंगल एकटीच, डोक्याला फडकं बांधून शेगडीजवळ बसलेली. मी नेलेले डिंकाचे लाडू तिने घेतले, बाळ माझ्या मांडीवर दिलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “बाई, आईचं वजन वाढत व्हतं तवा तुमाला काईच कसं कळलं न्हाई? तुमी तर त्यातल्या शिकलेल्या.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, “नाही गं. नाही कळलं. त्या नऊवारीत दिसतच नव्हतं काही.” तिने मान हलवली. म्हणाली, “आई सांगून गेली व्हती, बाईंना बोल लावू नगंस म्हनून. त्यांनी मला मानसात घेतलं म्हनायची.” निघताना तिने आतून पिशवी आणली, आक्कांच्या वावरातल्या नव्या इंद्रायणीचे तांदूळ. शेवटच्या दिवसांत कॉटवरूनच जावयाला सांगून त्यांनी ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायला लावले होते. ती पिशवी आमच्या ओट्याखाली आहे. तोंडसुद्धा सोडलेलं नाही. स्वयंपाक करताना तांदळाचा वास येतो आणि मी खिडकी उघडते. परवा नवरा म्हणाला, नवा तांदूळ आहे, भात टाक की एक दिवस. मी डब्यातला जुनाच तांदूळ धुवायला घेतला.

मंगल, हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी मी लिहितेय ती तुझ्या घरी येते, मला माहीत आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले. तिसऱ्या वेळी आईने पदर पुढे धरला तेव्हा नारळ मी घातला होता, आणि घालताना मी त्यांचं मनगट धरलं होतं. माझी बोटं मनगटाभोवती सगळी फिरली आणि वर उरली. काट्यावर माणूस साडेपाच किलोने वाढलेलं, आणि मनगट नुसतं हाड आणि कातडी. याचा अर्थ काय होतो ते मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. मला अर्थ कळला, मंगल. तिथेच कळला, त्या क्षणी. पण सगळ्या हसत होत्या, आई हसत होती, तक्त्यावरची रेघ वर गेली होती, आणि ती माझी होती. मी मनगट सोडलं आणि नारळ पदरात टाकला.